विद्यापीठाचं काम

मला लग्न करायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे काही खोटं बोलले त्याचा उगाच कुणी भलता अर्थ लावायला नको. मी दहावीत होते. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. कंधारपासून आमच्या गावापर्यंत सगळं रान भाजून निघालं होतं, आणि आमच्या वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला जायच्या तयारीत होती. ऊसतोडीला एकटा माणूस चालत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, म्हणजे जोडीला. त्यामुळं दसरा जवळ आला की आमच्याकडं लग्नं अशी भराभर उरकायची की काय सांगू! पोरगी शिकली किती, दिसती कशी, कुणी विचारायचं नाही. मोळी उचलती का, एवढंच.

माझ्यासाठी मुकादमाचा पुतण्या ठरत आला होता. माझा बाप वाईट नव्हता बरं. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोला रोज हात जोडणारा आणि पोरीला शिकवायचं म्हणून भावकीशी भांडलेला माणूस तो. पण आई-बाप दोघंही कारखान्यावर जाणार, गाव रिकामं होणार, टँकर येईल तेव्हा येणार, मग वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? हा त्याचा सवाल होता. भूगोलात पैकीच्या पैकी मिळवणारी मी, पण या एका सवालात मी नापास.

त्याच सुमारास आमच्या भूगोलाच्या बाईंच्या डोक्यात आलं की जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेनं 'तालुक्याचं पाणी, काल आणि आज' असा विषय मांडायचा. आणि तोही गाइडमधून उतरवून नाही. नांदेडला विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून, जुनी पुस्तकं चाळून. बाईंनी तीन नावं काढली. पहिलं वर्गात कायम पहिली येणाऱ्या पोरीचं, तिला आम्ही स्कॉलर म्हणायचो. तिच्या घरी शेत होतं, विहीर होती, कोरडी का असेना. दुसरं माझं. तिसरं माझ्या बाकावर बसणाऱ्या शेजारणीचं, म्हणजे आमच्याच वस्तीतल्या, दोन घरं सोडून राहणाऱ्या पोरीचं. ग्रंथालयातून उत्तर आलं की शाळेच्या पोरांना एरवी आत घेत नाही, तुमच्यासाठी म्हणून दोन पास देतो. बाईंनी शेवटचं नाव खोडलं. शेजारीण म्हणाली, "जा गं तुम्ही. आत काय काय हाय ते मला येऊन सांग म्हंजे झालं."

लोह्यावरून जाणारी एस.टी. विद्यापीठाच्या फाटकापाशी थांबायची. पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी चपला ग्रंथालयाच्या दारात काढून ठेवल्या आणि अनवाणी आत गेलो. काउंटरवरचे काका ओरडले, "अगं पोरींनो, चपला घाला, दप्तर इथं ठेवा! उलटं करून राहिलात तुम्ही!" वाचनकक्षातली कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. स्कॉलर लाजेनं लाल झाली. मी मात्र कोपऱ्यातलं थंड पाण्याचं मशीन बघत होते. नळ दाबला की पाणी! न संपणारं! पोटात दुखेपर्यंत प्याले मी त्या दिवशी.

परत येताना शेजारणीसाठी बाटली भरून घेतली. कंधार येईपर्यंत ते पाणी चहासारखं गरम झालं होतं. ती ते तसंच घटाघटा प्याली आणि म्हणाली, "विद्यापीठाचं पाणी लई गोड हाय गं." मग दर खेपेला तिची बाटली माझ्या दप्तरात असायचीच.

आता खरं सांगते. पुस्तकं मला आवडायची, पण मी तिथं जात होते ती जीव वाचवायला. झालं असं की एका संध्याकाळी आईनं मुकादमाकडचे लोक बघायला येणार असल्याचं काढलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "विद्यापीठाचं काम हाय. अर्धवट सोडता येत न्हाई." विद्यापीठ हा शब्द ऐकला आणि बाबा हातातली भाकरी तशीच धरून माझ्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकादमाला सांगितलं, "पोरीचं विद्यापीठाचं काम तेवढं होऊन जाऊ द्या."

बस्स! मला वाट सापडली. काम होऊच द्यायचं नाही.

काय काय नाटकं केली मी! एकेक तक्ता असा उतरवायची की जणू दगडावर कोरतेय. उतरवलेलं खोडायची, पुन्हा काढायची. आणि सगळ्यात मोठा आधार मला दिला जिल्ह्यांनी. माझ्या आईचं माहेर जुन्या पुस्तकात उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, नंतरच्या पुस्तकात लातूर जिल्ह्यात, कारण लातूर मागाहून वेगळा झाला. त्यात त्या वर्षी आणखी एक नवा जिल्हा होणार म्हणून चहाच्या टपरीवर रोज वाद चाललेले. कोणता तालुका कुठं जाणार, याचा कुणालाच पत्ता नाही. मी घरी सांगायची, "जिल्हा बदलला की सगळे तक्ते नव्यानं काढावे लागतात, बाबा." तक्ते आमच्या तालुक्याचे, आईच्या माहेराचा त्यात संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. बाबा मान हलवायचे. मुकादम दर आठवड्याला यायचा, बाजेवर बसायचा, विचारायचा, "झालं का विद्यापीठ?" मी पुन्हा खोडरबर काढायची.

स्कॉलर माझ्यावर चिडायची. "किती हळू लिहितीस गं! एवढ्यात माझी दोन पुस्तकं झाली." शेजारणीला सगळं ठाऊक होतं, पण हिला मी काही सांगितलं नव्हतं. कसं सांगू? तिच्या घरात उसाला कुणी गेलं नव्हतं. मला मोळी उचलायला घेऊन चाललेत, हे तिच्यासमोर बोलायचं म्हटलं की मी पुन्हा पुस्तकात डोकं घालायची. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

आणि एका शनिवारी टँकर आला म्हणून मला थांबावं लागलं. स्कॉलर एकटी नांदेडला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम आणि बाबा बाजेवर बसले होते. मी चुलीपाशी होते. एवढ्यात आमच्या वस्तीत कधी पाऊल न टाकलेली स्कॉलर गुंडाळलेला भलामोठा चार्ट काखेत मारून धावत आली. घामाघूम, पण तोंडभर हसू. "झालं! अगं, सगळं झालं! तुझ्या वाटणीचंपण मीच लिहून टाकलं!"

मुकादमानं मांडीवर थाप मारली. "झालं न्हवं? आता बोला."

त्या क्षणी तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं मला. तिला दंडाला धरून घरामागं ओढत नेलं आणि सगळं ओकून टाकलं. पुतण्या, कोयता, दसरा, जिल्ह्याची थाप, सगळं. ती ऐकता ऐकता रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नको, चार्ट भिजंल." मला रडायलासुद्धा येत नव्हतं. सगळं संपलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तिनं बाहीनं डोळे पुसले आणि तरातरा पुढं गेली. बाबांसमोर उभी राहून म्हणाली, "काका, चुकलंय सगळं. म्हणजे... नवा जिल्हा होणार आहे ना. पुन्हा करावं लागंल." कान लालभडक, नजर जमिनीवर. जन्मात खोटं न बोललेली पोर ती, शेंबड्या लेकरालाही कळलं असतं.

मुकादम हसला. "आत्ताच तर झालं म्हणून नाचत होती की!"

बाबांनी चार्ट मागून घेतला. गुडघ्यावर पसरला. चौथीपर्यंत शिकलेले, एकेक अक्षर जोडून वाचायचे. किती वेळ बघत बसले कोण जाणे. मग त्यांनी चार्टावर बोट ठेवलं आणि सावकाश म्हणाले, "मुकादम, चुकलंच हाय हे. जिल्हा बदलला की सगळं नव्यानं काढावं लागतंय. विद्यापीठाचं काम हाय, अर्धवट सोडता येत न्हाई."

माझेच शब्द. जसेच्या तसे.

मुकादम उठला. "मला कोयता पायजे, जिल्हा न्हाई," असं म्हणून चप्पल सरकवून निघून गेला.

बाबांनी चार्ट नीट गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "किती दिस पुरंल गं तुझा जिल्हा?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, "दहावीची परीक्षा होईपर्यंत, बाबा." आणि मग मात्र मला हुंदका आवरला नाही.

आई-बाबा उसाला गेले की मी स्कॉलरच्या घरी राहायचं, असं तिनंच आपल्या आईपाशी हट्ट धरून ठरवलं. तिच्या आईनं मला पाण्यासाठी वेगळा तांब्या दिला. वेगळा का, ते न कळण्याइतकी मी लहान नव्हते. अंगाचा तिळपापड झाला, पण मी त्याच तांब्यानं पाणी प्याले, कारण मला परीक्षेला बसायचं होतं.

आता सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल. मलाही तीन-चार दिवस वाटलं. पण मुकादमाला पुतण्याची जोडी पुरी करायचीच होती. तो आमच्या दारातून उठला आणि दोन घरं पुढं जाऊन बसला. माझ्या शेजारणीच्या बापापाशी ना विद्यापीठ होतं, ना अर्धवट काम. त्याच आठवड्यात तिला हळद लागली.

टोळी निघायची त्या दिवशी मी ग्रंथालयातून येत होते. ट्रॅक्टर फाट्यावर उभा होता. भांडीकुंडी, शेळ्या, पोरं, त्यात आई-बाबा, आणि कडेला हिरव्या बांगड्या भरलेली शेजारीण. मी दप्तरातून तिची बाटली काढून वर दिली. तिनं झाकण उघडून एकच घोट घेतला आणि उरलेलं पुढच्यासाठी ठेवलं.

"झालं का गं तुझं विद्यापीठाचं काम?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं. "अजून अर्धवट हाय."

ट्रॅक्टर सुरू झाला. त्या आवाजात ती खाली वाकली आणि ओरडून म्हणाली, "मग संपवू नको!"