बय आणि रॉकेलची सूनबाई

माझी लेक माझ्याजवळ राहून शिकली ती बयमुळे. हे आधी सांगून टाकते, काय घडलं ते मागून. मी चौथीत शाळा सोडलेली बाई. लिहायला बसलं की माझं पुढचं मागे आणि मागचं पुढे होतं. पण उपकार कुणाचे, एवढं तरी पहिल्या ओळीत यायला हवं.

बय खाडीकाठच्या जासई गावची, मिठागरवाल्यांच्या घरातली. पनवेलात तिला सगळे बय, म्हणजे आई म्हणत, म्हणून मीही म्हणायची. डोळ्यांपुढे येते ती नेहमी एकाच बैठकीत. उकिडवी बसलेली, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला, आणि डब्याचं झाकण काढून एक बोट रॉकेलमध्ये बुडवलेलं. ते बोट ती अंगठ्यावर घासायची, डोळे मिटून नाकाशी न्यायची आणि सांगायची, "कोरडा हाय."

आता तुम्हीच सांगा, तेल कोरडं कसं असेल? पण मिठावर वाढलेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी ठाऊक असतात, कोरडी आणि दमट. बयच्या लेखी रॉकेल कोरडं असायचं, पेट्रोल कोरडं असायचं आणि बरी माणसंही कोरडीच असायची. दुकानातसुद्धा बोट बुडवल्याशिवाय ती रॉकेल घेत नसे. दुकानदार चिडवायचा, "बय, रॉकेल घेतेस की अत्तर?"

"अत्तर घ्यायचा अस्ता तर तुज्याकडं कशाला आली अस्ती, मेल्या?"

मी पनवेलला आले ते साल साठच्या आसपासचं. माझं गाव खानदेशात, अमळनेरच्या पुढे. नवरा गेला तेव्हा लेक सहा वर्षांची होती. तिला आईकडे ठेवून मी ओळखीच्या माणसाच्या चिठ्ठीवर इकडे आले, एका साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला. साहेब एकटेच. बोटीच्या कचेरीतून निवृत्त होऊन गावाबाहेर बंगला बांधला आणि कोंबड्यांच्या नादाला लागले. मागच्या खोलीत विजेवर चालणारं अंडी उबवायचं कपाट आणलं होतं. एका खेपेला पाचशेच्या आसपास अंडी मावत. एकवीस दिवस त्यांना सारखी ऊब लागायची आणि पनवेलची वीज तर पाहुण्यासारखी, कधी येईल नि कधी जाईल सांगता यायचं नाही. म्हणून साहेबांनी जनरेटर घेतला होता.

बय तिथे कशी आली तीही मजाच. ती दारावर मीठ आणि सुकट विकायला यायची. एकदा वीज गेलेली, साहेब घामाघूम होऊन जनरेटरचा दोर ओढत होते. बयने टोपली खाली ठेवली, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, ती उपाशी हाय आनि तुमी तिला मारताव." साहेबांना बाजूला सारून तिने दोन तोट्या फिरवल्या, एक दोर ओढला आणि यंत्र सुरू. मिठागरावर खाडीचं पाणी चढवायचं असंच एक इंजिन होतं. ते तिचा नवरा चालवायचा. त्याची दृष्टी गेली तेव्हापासून तो नुसता आवाज ऐकून सांगायचा आणि ही हातांनी करायची. साहेबांनी तिला त्याच दिवशी कामावर ठेवलं.

यंत्राला ती सूनबाई म्हणायची. ते सुरू व्हायचं पेट्रोलवर आणि गरम झालं की तोटी फिरवून रॉकेलवर घ्यायचं. बंद करताना पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवायचं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होतं. बय मला शिकवायची, "सूनबायला उठल्याबरोबर चा. मंग भाकर. निजताना परत चा. भाकर खाऊन निजली तर सकालची उठत नाय."

यंत्राची खोली घरापासून वीस पावलं दूर होती. रॉकेलचं पिंप विटांवर चढवून सावलीत. पेट्रोलचा डबा त्याहून लांब, वाळूत अर्धा पुरलेला, वर ओलं पोतं नाही, कोरडं फळकूट. दाराशी वाळूची बादली. आत जाणाऱ्याने काडेपेटी बाहेर काढून ठेवायची. एकदा साहेब तोंडात सिगारेट धरून आले तर बयने हात पुढे केला. "द्या." साहेबांनी निमूट दिली! बयने ती वाळूत खुपसली. "आता या. घर तुमचा हाय, पन ही खोली सूनबायची."

सुरुवातीला मला तिचं बोलणं कळायचं नाही, तिला माझं. मी अहिराणीत काही पुटपुटले की ती म्हणायची, "तू काय कोंबड्यांशी बोलतंस?" पण संध्याकाळी काम उरकलं की ती पायरीवर बसायची आणि विचारायची, "पोरीचा कागद आला?" आईला लिहिता येत नव्हतं, पत्र शेजारचे मास्तर लिहून देत. त्यात एक ओळ लेकीची असायची, "आई, तू केव्हा येशील." मी ती वाचून दाखवायची. बय दरवेळी ऐकायची, जणू नवीनच आहे.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी साहेब म्हणाले, "या खेपेची पिल्लं मोठ्या गिऱ्हाईकाची आहेत. नीट निघाली तर मागची खोली तुझी. दिवाळीत मुलीला घेऊन ये, इथल्या शाळेत घालू. पण एक सांगतो, यंत्राच्या खोलीत हात घालायचा नाही. ते बयचं काम. तिथे लुडबुड झाली तर मी ठेवायचो नाही."

मी त्या पाचशे अंड्यांकडे दिवसातून दहादा जाऊन बघायची. प्रत्येक अंड्यात मला माझी पोर दिसायची म्हटलं तर हसाल, पण खरं तेच आहे.

खंडेनवमीला साहेब मुंबईला लेकीकडे गेले होते. अंड्यांचा अठरावा दिवस. बय आदल्या दिवशी सांगून गेली होती, "उद्या मी घरी. सूनबायला हळद-कुंकू लाव, फूल वाहा. दुसरा काय करू नको."

आमच्या गावी खंडेनवमीला विळी, कोयता, पाभर, सगळं घासून लख्ख करतात. आणि मला तर या घराने आसरा दिलेला. नुसतं फूल वाहून माझं मन भरेना. मी यंत्र पुसलं, दोर धुतला. मग तो पेट्रोलचा काळपट डबा दिसला. पूजेत असा डबा कसा ठेवायचा? राहिलेलं पेट्रोल बाटलीत ओतलं आणि डबा चिंच-राखेने घासला, आतून दोनदा पाण्याने खळबळून काढला, उन्हात पालथा घातला. तासाभरात तो चांदीसारखा चमकायला लागला. त्यात पेट्रोल परत भरलं. वर सूनबाईचा चहा तयार असावा म्हणून यंत्राची छोटी टाकीही त्यातूनच काठोकाठ केली. कुंकवाचं स्वस्तिक काढलं. माझं मलाच कौतुक वाटलं.

दुपारी दोनच्या सुमाराला कर्नाळ्याकडून आभाळ भरून आलं, एक जोराचा कडकडाट झाला आणि घरातली वीज गेली.

मी धावले. दोर ओढला. यंत्र एकदा खोकलं आणि गप्प. पुन्हा ओढला. दहादा, वीसदा. तळहाताची साल निघाली. कपाटाच्या काचेतून पारा खाली येताना दिसत होता. घरातल्या सगळ्या गोधड्या आणून मी कपाटावर टाकल्या आणि पुन्हा दोराशी गेले. देवाचं नाव घ्यायचंही सुचत नव्हतं. एवढंच वाटत होतं की आता दिवाळी गेली, खोली गेली, पोर राहिली तिकडेच.

तास-दीड तास गेला असेल. फाटकाशी ट्रक थांबला आणि मिठाच्या गोण्यांवरून बय खाली उतरली. जासईहून आभाळ बघून निघाली होती.

"उठव ना सूनबायला," म्हणत ती आत आली आणि थबकली. तिची नजर त्या चमकणाऱ्या डब्यावर गेली. उकिडवी बसली, टाकीत बोट बुडवलं, घासलं, हुंगलं.

"पानी."

मी रडत सगळं सांगितलं. डबा उन्हाने बाहेरून वाळला होता, आतल्या सांध्यांत पाणी राहिलंच होतं. वाटलं, आता शिव्या घालील. ती म्हणाली, "डबा मातर झ्याक घासलास. माज्या सासूला दाखवला पायजे होता."

मग तिने टाकी रिकामी केली आणि सगळं पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत घेतलं. टाकीखालची पितळी वाटी काढून पदराच्या टोकाने कोरडी केली. बाटली ओट्यावर ठेवून म्हणाली, "बस."

"बय, अंडी..."

"गोधड्या घातल्यास ना? उगडून बगू नको. आठरा दिवसांची हायत, त्यांच्यात बी जीव हाय, थोडी ऊब त्यांची त्यांना हाय. पानी खाली बसल तवाच बसल. बस, आनि पोरीचा सांग."

काय सांगायचं? मी त्या बाटलीकडे बघत बोलत राहिले. पोरीला बोरं आवडतात. ती झोपेत माझा अंगठा धरायची. तिला पाढे सतरापर्यंत येतात, अठराशी अडते. बाटलीच्या तळाशी हळूहळू पाण्याचा एक थेंब झाला, मग दुसरा त्याला येऊन मिळाला, मग बोटाच्या पेराएवढं पाणी वेगळं दिसायला लागलं. बय ऐकत होती आणि बाटलीला जराही धक्का लागू देत नव्हती.

मग वरचं पेट्रोल तिने धार न तोडता टाकीत ओतलं. पहिला दोर, काही नाही. दुसरा, खोकला. तिसऱ्याला सूनबाई उठली. यंत्र तापल्यावर बयने तोटी फिरवली आणि म्हणाली, "घे, आता भाकर खा."

एकविसाव्या दिवशी कपाटात चिवचिवाट झाला. पुष्कळ पिल्लं निघाली, पण साहेबांच्या हिशेबापेक्षा कमी. न फुटलेली अंडी पाटीत वेगळी पडली होती. साहेबांनी चौकशी केली, तळाशी पाणी राहिलेली पेट्रोलची बाटली पाहिली आणि आम्हा दोघींना अंगणात उभं केलं.

"टाकीत पाणी कुठून आलं?"

मी पाटीतल्या अंड्यांकडे बघत राहिले. बय म्हणाली, "मी डबा धुतला साहेब. नवमीचा."

"तू? तुला काय हे मिठागर वाटलं, वाटेल तेव्हा पाणी सोडायला?"

"चुकला."

जी बाई दुकानदाराला वाकली नाही, जिने साहेबांच्या तोंडची सिगारेट काढून घेतली, तिने मान खाली घालून 'चुकला' म्हटलं. आणि मी शेजारी उभी होते. एक शब्द बोलले नाही.

साहेबांनी बाजारातला मेस्त्री ठेवायचं ठरवलं. बयने टोपली डोक्यावर घेतली. मी फाटकापर्यंत धावत गेले. "बय, का गं असं केलंस?"

"तुजी पोर येतंय ना दिवालीला? मना मिठागर हाय. तुना काय हाय?" एवढं बोलून ती चालायला लागली. मग वळून म्हणाली, "हाताला खोबरेल लाव. साल निगलीय."

दिवाळीत लेक आली. मागच्या खोलीत आम्ही दोघी राहू लागलो. ती शाळेत जाऊ लागली आणि मला रोज रात्री वाटायचं, उद्या साहेबांना सांगेन. सांगायला चैत्र उजाडला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जा, घेऊन ये तिला." मला त्यांनी काढलं नाही. म्हणजे त्या दिवशी मी बोलले असते तर कदाचित दोघीही राहिलो असतो. हे मला आजही नीट गिळता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी जासईला गेले. घराच्या दाराला कडी आणि कडीला दोरी. शेजारीण म्हणाली, "आंधल्या दादल्याला घेऊन लेकीकडं गेली, अलिबागच्या पल्याड. गाव मना ठावं नाय." घरामागे मिठाचे ढीग पेंढ्याने शाकारले जात होते. बायका टोपल्या घेऊन ओळीने बांधावरून चालल्या होत्या. लांबून प्रत्येक बाई बय वाटत होती. मी उन्हात उभी राहून शेवटची बाई जवळ येईपर्यंत थांबले.

त्यानंतर पेणच्या, अलिबागच्या बाजूचं कुणी भेटलं की मी विचारते. अजून पत्ता लागलेला नाही. पण लागेल. त्या दिवशी लेकीला बरोबर नेईन, बयला तिच्या गावच्या चार माणसांत बसवीन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन की डबा मी धुतला होता.