सरळ शिवलेली पाठ

अन्याय झाला तो निकितावर. तीन वर्षांपूर्वी, पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, शाळेची प्रार्थना संपल्या संपल्या झाला. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी ओळीतल्या पोरांच्या जिभा बघितल्या, डोळे बघितले, निकिताच्या पाठीवर गणवेशावरूनच हात ठेवला न ठेवला आणि म्हणाले, "बागुंदी." तेलुगूत म्हणजे छान आहे. चला, पुढचं पोर. हे असं रोखठोक लिहायची मला सवय आहे. माझं खरं शिक्षण मोर्च्यांच्या पत्रकांवर झालंय, आणि पत्रकात पहिल्या ओळीत पीडित येतो, दुसऱ्या ओळीत गुन्हेगार. पंचाईत एवढीच की इथे दुसऱ्या ओळीत डॉक्टरांच्या शेजारी निकिताच्या आईला, म्हणजे माझ्या सख्ख्या मामीला बसवावं लागतं; आणि माझ्या मामीइतकी मायाळू बाई, आणि तिच्याइतकं सफाईदार खोटं शिवणारी बाई, इचोड्यापासून इंद्रवेल्लीपर्यंत दुसरी नाही.

मामी लेडीज टेलर आहे. हायवेला लागून, टायरवाला आणि ढाबा यांच्या मधोमध तिचं दुकान. ट्रक गेला की मशीन आपोआप दोन टाके घालते असं मामा म्हणतात. गळ्यात टेप कायम, पण तो वापरलेला मी कधी पाहिला नव्हता. विचारलं तर म्हणाली, "टेप नसन त लोकाइले वाटते बाई रिकामी बसून राह्यली." माप ती डोळ्यांनी घ्यायची. गिऱ्हाईक ऑटोतून उतरतानाच हिच्या मनात कापड कापून झालेलं असायचं. जगात सरळ माणूस नाही, हे मामीचं ठाम मत. लग्नात सगळे अक्षता टाकत असताना ही माझ्या कानाशी लागून नवरदेवाच्या डाव्या खांद्याची निंदा करणार: "उतरला हाय तो. शिवनाऱ्याले दिसला नसन काय? नालायक!" एकदा बायकोचे ब्लाउज न्यायला महसूल खात्यातले गिरदावर साहेब आले, तर त्यांना दुकानातच उभं करून म्हणाली, "साहेब, डाव्या खिशात काय ठेवता? डावं अंग खाली आलं तुमचं." साहेबांनी गुपचूप चाव्यांचा जुडगा काढून उजव्या खिशात टाकला. पण हे पुरुषांपुरतंच हं. बाईच्या अंगातलं कमीजास्त मामीने कधी तोंडावर सांगितलं नाही. एका खांद्याला हलकं अस्तर, दुसऱ्या बाजूला एक जास्तीची चुणी, आणि बाई आरशात बघून खूश. का सांगत नाहीस, म्हटलं तर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "बाईले सांगनारे लय हायेत वं. एखादीनं झाकाव."

का झाकावं, ते तिला गल्लीने शिकवलं होतं. निकिता पोटात असताना ग्रहण लागलं. आमच्याकडे ग्रहणात पोटुशी बाई काही चिरत नाही, कापत नाही, हातपाय सरळ करून पडून राहते. त्याच दिवशी एका नवरीचे कपडे द्यायचे होते. मामीने दार लावून घेतलं आणि कैची चालवली. पोर जन्मली ती पाठीत जरा कललेली. दवाखान्यातल्या बाईने वरवर बघून सांगितलं, मोठी झाली की होते सरळ. पुन्हा कधी आणायचं, कोणाला दाखवायचं, एक शब्द नाही. गल्लीला मात्र लगेच कारण सापडलं. बारशाला आलेल्या बायका पाळण्याकडे कमी आणि मामीच्या कैचीकडे जास्त बघत होत्या. एक म्हातारी तर उघडच म्हणाली, "कापड कापलं का पोरगी कापली वं?" मामी हसली. हसून सगळ्यांना घुगऱ्या वाटल्या. मग आयुष्यातलं सगळ्यात मोठं शिवणकाम तिने हाती घेतलं.

निकिताचा एकेक फ्रॉक, शाळेचा गणवेशसुद्धा, म्हणजे इमारत होती. कापसाला आमच्या जिल्ह्यात काय तोटा? डाव्या खांद्यात कापसाची गादी, उजवीकडे मोकळी चुणी, मागे कापूस भरलेलं दुहेरी अस्तर, कंबरेला असा बंद की पाठ कुठे वळते ते कोणाच्या बापाला कळू नये. पोर वाढायची तशी गादी वाढायची. इतर आया पोरांच्या उंचीची खूण दारावर करतात. मामीला पोरीची वाढ कापसावरून कळायची. निकिताला वाटायचं, सगळ्यांचेच फ्रॉक उन्हाळ्यात असे जड लागतात. आणि म्हणूनच त्या सोमवारी डॉक्टरांचा हात पाठीवर नाही, मामीच्या कापसावर पडला. मी तेव्हा दुकानातच होते. निकिता धावत आली, "आई, डॉक्टर बागुंदी म्हनला!" मामीने मशीन थांबवली. शेजारच्या ढाब्यावरून पेढे आणवले आणि टायरवाल्यापासून वाटत सुटली. "डॉक्टरलेबी नाई दिसलं!" माझ्या हातावर पेढा ठेवत ती हळूच म्हणाली. मी तिला इतकं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

मागच्या हिवाळ्यात निकिताला दम लागायला लागला. कबड्डीत आधी बाद व्हायची, मग बसून बघायची, मग बघायलाही जाईना. शेवटी आम्ही तिला हैदराबादला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं काम हे केलं की फ्रॉक काढायला लावला आणि पोरीला पुढे वाकायला सांगितलं. वाकल्याबरोबर पाठीची एक बाजू टेकडीसारखी वर आली. मामा भिंतीकडे बघायला लागले. मणक्यातलं एक हाड अर्धंच घडलंय, बाईंनी एक्स-रेच्या फोटोवर बोट ठेवून समजावलं. पोर वाढते तशी पाठ कलत जाते, फुप्फुसाला जागा उरत नाही. लहानपणीच आणलं असतं तर तेवढं हाड काढून बरंच सावरता आलं असतं. आता सळ्या टाकू, आणखी वाकू देणार नाही. पण पूर्ण सरळ होणार नाही, आणि दबलेला श्वास सगळा परत येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "इतने साल कहाँ थे आप लोग?"

मामी हिंदीत म्हणाली, "फ्राक के अंदर थे, मॅडम."

उठता उठता मामीने पदर सावरला आणि जे दहा वर्षं कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं: ग्रहणात कैची चालवली होती, त्याने झालं का? बाईंना आधी कळेना. मी समजावून सांगितलं. तेव्हा त्यांनी मामीचा हात धरला. म्हणाल्या, हे हाड पोटात पहिल्या काही आठवड्यांतच असं घडतं. बाईला दिवस गेलेत हे नीट कळायच्या आत. तुमच्या कैचीचा काही संबंध नाही. "कैचीनं नाई?" मामीने मराठीतच पुन्हा विचारलं. आणि मग ती जी रडली, ते मला कुठल्याच पत्रकात लिहिता येणार नाही. जो गुन्हा तिने केलाच नव्हता तो लपवता लपवता तिच्या हातून दुसरा घडला होता.

निकिताच्या पाठीत आता सळ्या आहेत. ती चालते, शाळेत जाते, जिना मध्येच थांबून चढते. दवाखान्यातून आल्यावर मामी नवा गणवेश शिवायला बसली आणि हात सवयीने कापसाकडे गेला. निकिता समोरच उभी होती. म्हणाली, "नोको न आई. माह्या मापाचा शीव." मामीने गळ्यातला टेप काढला. मी पहिल्यांदाच तो उलगडताना पाहिला. डावा खांदा मापला, उजवा मापला, दोन्ही आकडे वेगळे आले, आणि तिने तसेच कापडावर उतरवले. कैची चालवताना एकदा थांबली, खिडकीतून आभाळाकडे बघितलं, आणि पुढे कापत गेली. नवरदेवांच्या खांद्यांबद्दल हल्ली ती काही बोलत नाही. ते ऐकायला मी आतुर असते.

आता तुमचं काम. उद्या सकाळी तुमच्या पोराला, पोरीला आंघोळ घालताना पाय जुळवून, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागे उभं राहून उघडी पाठ बघा. एक बाजू वर दिसली तर कोणाला काय वाटेल ते विचारू नका. त्याच आठवड्यात हाडाच्या डॉक्टरकडे जा. आणि शाळेत तपासणी आली तर आडोसा करा, पोरीच्या आईला जवळ उभं करा, आणि डॉक्टरांना सांगा: साहेब, कापड नाही, पाठ बघा. ते बघेपर्यंत त्यांना "बागुंदी" म्हणू देऊ नका.