झेनोन, आज कुठं आहेस?

आमच्या गल्लीत कुणाचीही गाडी येऊन थांबली की झेनोन वाव्रिन्युक आधी चाकं बघायचा, मग माणसाचं तोंड. चर्चचे फादर उतरले तरी तेच. "फादर, मागचं डावं टायर आतून झिजलंय," हे आधी आणि नमस्कार नंतर. त्याच्या बायकोला, हालिनाला, त्याची लाज वाटायची. मला मजा वाटायची. लाज वाटण्याची पाळी माझ्यावर पुढं आली, आणि ती अजून संपलेली नाही.

मी रोझालिया. पोलंडच्या पार पूर्वेला आमचं ओल्शांका, तिथल्या स्टेशनात तिकिटाच्या खिडकीत मी वीस वर्षं बसले. झेनोन मालडब्यांचा तपासनीस होता. लांब दांड्याची हातोडी घेऊन तो गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, प्रत्येक चाकावर एक टोला मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. धड चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. एका हिवाळ्यात कोळशाची चाळीस डब्यांची गाडी त्यानं एका चाकासाठी दीड तास अडवली. स्टेशनमास्तर बोंबलत आले, वरून फोनावर फोन सुरू झाले. झेनोननं डब्यावर खडूनं फुली मारली, खाली सही केली आणि म्हणाला, "साहेब, न्यायचा तर न्या. माझी सही पुसा, तुमची करा." कुणाची छाती झाली नाही. तो डबा बाजूला काढून मगच गाडी हलली. मी खिडकीतून बघत होते, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. हे मुद्दाम आधी सांगतेय, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा यावर विश्वास बसणार नाही.

मग माल रस्त्यावर गेला. एका वर्षी मालगाड्या बंद झाल्या, पुढच्या वर्षी प्रवासी गाडीही, आणि स्टेशनाच्या बदल्यात सरकारनं आम्हाला एक बस दिली. रुळांमध्ये बर्चची झाडं उगवली. सेहेचाळिसाव्या वर्षी झेनोन पोरांच्या रांगेत बसून ट्रक शिकला आणि पंधरा वर्षं जर्मनी-हॉलंडच्या वाऱ्या करत राहिला. ट्रक चालवला, पण मन रुळावरून उतरलं नाही. चार माणसं जमली की त्याचं सुरू व्हायचं.

"चाळीस डबे न्यायला एक इंजिन, दोन माणसं आणि मी. आता तेवढ्याच मालाला चाळीस ट्रक आणि चाळीस ड्रायव्हर, सगळे पेंगलेले! इंजिनात ड्रायव्हर जरा वेळ गप्प बसला की घंटी वाजते. घंटीलाही हलला नाही तर ब्रेक आपोआप लागतो. ट्रक विचारतो का कुणाला, बाबा जागा आहेस का म्हणून?"

"आणि तुझं इंजिन माझ्या दुकानाच्या दारात सिमेंट टाकून जाणार होय?" कोपऱ्यावरचा दुकानदार लुत्स्यान त्याला डिवचायचा.

"शेवटचे वीस किलोमीटर ट्रकनं आण की लेका! मधले हजार कशाला?"

यावर लुत्स्यान झेनोनच्या पेल्यात आणखी ओतायचा.

झेनोनचा मुलगा राडेकही ट्रकवरच लागला. आता इथं एक पेटी समजावून सांगायला हवी. ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पेटी असते. प्रत्येक ड्रायव्हरचं स्वतःच्या नावाचं, फोटोचं कार्ड असतं, ते तिच्यात सरकवायचं. कुणी किती तास चालवलं हे ती लिहीत राहते. दिवसाला नऊ तास, त्यापुढं थांबायचं. कायदा चांगला होता, पण राडेकचे नऊ तास नेमके घरापासून दीडशे किलोमीटरवर संपायचे. शनिवार-रविवार तो कुठल्यातरी पार्किंगमध्ये डब्यातलं खात काढायचा, आणि इकडं हालिना त्याचं ताट झाकून ठेवायची. त्याची पोरगी बापाला मोबाइलवरच ओळखायला लागली होती.

झेनोन निवृत्त झाला आणि त्याच्या कार्डाची मुदत संपत आली. ट्रक कायमचा सुटला होता, तरी त्यानं कार्डाचं नूतनीकरण करून घेतलं. हे कार्ड मी सोडून कुणी वापरणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर त्यानं सही केली. त्यानंतर दर रविवारी राडेक निघताना झेनोन स्वतः फाटकापर्यंत जायचा आणि कार्ड त्याच्या हातात द्यायचा. राडेकचे तास संपले की बापाचं कार्ड पेटीत जायचं. पेटी म्हणायची, आता झेनोन वाव्रिन्युक चालवतोय. झेनोन वाव्रिन्युक तेव्हा इथं घेवड्याला पाणी घालत असायचा.

गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, आमची ती करमणूक होती, आणि ती सुरू केली मी. कुंपणावरून ओरडायचे, "झेनोन, आज कुठं आहेस?"

"हानोव्हरच्या अलीकडे!" तो पाण्याची झारी वर करून सांगायचा. "रस्ता मोकळा आहे!"

आधी आधी तो हे सांगताना मान खाली घालायचा. आम्ही हसत राहिलो, आणि हळूहळू तोही आमच्याबरोबर हसायला लागला. त्याची ती मान आम्हीच हसून वर केली.

चार सप्टेंबर, रोझालिया संतांचा दिवस, म्हणजे माझा नामदिन. आमच्याकडे वाढदिवसाचं कुणाला काही नसतं, पण नामदिनाला बोलावल्याशिवाय लोक येतात. त्या शुक्रवारी दुपारी टेबलाभोवती दहाबारा माणसं होती. प्लमचा केक नुकताच कापला होता. राडेकचा सकाळी फोन आला होता, "मावशी, माझा तुकडा ठेव, मी पोचतोच." मी ठेवला होता. कॉफी ओतता ओतता मला चेव आला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे झेनोन, आज कुठं आहेस?"

झेनोन खुर्चीत ताठ बसला, हातात ताटली स्टिअरिंगसारखी धरली आणि म्हणाला, "वॉर्साच्या पुढं! ताशी पंच्याऐंशीनं चाललोय, आणि केक खातोय!"

लुत्स्यानला हसता हसता ठसका लागला. हालिनासुद्धा हसली. तीन वीसची बस खिडकीच्या काचा हलवत गेली, पण आमच्या हसण्यात ती ऐकू आली नाही. मी मात्र पाहिली. वेळापत्रकावर आयुष्य गेलेल्या बाईची नजर जातेच.

चार वाजता हालिनाचा फोन वाजला.

राडेक पहाटे तीनपासून चालवत होता. महामार्गावर एका बाजूनं दुरुस्ती चालली होती आणि आर्तुर नावाचा सव्वीस वर्षांचा कामगार रस्त्यावर लाल-पांढरे शंकू मांडत होता. राडेकचा डोळा लागला. चोवीस टन माल घेऊन ट्रक शंकूंमध्ये घुसला. आर्तुरचा जीव वाचला, पण उजवा पाय मांडीपासून गेला. राडेकला खरचटलंसुद्धा नाही.

राडेकनं पोलिसांना सांगितलं, "कार्ड मी चोरलं. बाबांच्या खणातून. त्यांना माहीत नव्हतं." राडेकची ट्रक कंपनी म्हणाली, आम्हालाही माहीत नव्हतं. मग जबाबांसाठी शेजाऱ्यांना बोलावणं आलं. आता झेनोनचं नाव राहतं की जातं हे त्याच्या आणि आमच्या तोंडात होतं.

मी हालिनाला म्हटलं, "पोरगा अडकलाच आहे. घरातलं एक माणूस तरी धड राहू दे. झेनोनला म्हणावं, गप्प बस." झेनोन बाहेर ओट्यावर बसला होता. हाक मारली तरी त्यानं वर पाहिलं नाही.

पोलीस कचेरीत एक तरुण बाई होती. तिनं माझ्यापुढं पेटीतून निघालेली कागदाची पट्टी ठेवली. नाव झेनोन वाव्रिन्युक. गाडी थांबल्याची वेळ, एक वाजून वीस मिनिटं. माझा जीव भांड्यात पडला. एक वीसला मी एकटी स्वयंपाकघरात प्लमच्या बिया काढत होते. म्हणजे आम्ही हसलो तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. त्या पोराचा पाय गेला होता आणि मला बरं वाटलं!

"पेटीचं घड्याळ उन्हाळ्यात दोन तास मागं असतं, आजी," ती बाई म्हणाली. "सगळ्या देशांत पेटीला एकच वेळ धरतात. आपल्याकडे तेव्हा तीन वीस झाले होते."

मी त्या पट्टीकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांपुढं ताटली हातात धरून बसलेला झेनोन होता.

"तुम्हाला याबद्दल काही माहिती होती?"

"नाही," मी म्हणाले, आणि सही केली.

बाहेर बाकावर झेनोन टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मी वाकून पुटपुटले, "मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस."

त्यानं एवढंच विचारलं, "किती वाजता?"

"तीन वीस."

त्यानं टोपी बाकावर ठेवली आणि आत गेला.

त्याचा जबाब कोर्टात वाचून दाखवला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. "मुलगा खोटं बोलतोय. कार्ड मी दिलं. दर रविवारी, माझ्या हातानं. रेल्वेत मी माझ्यासारख्या माणसाला गाडीजवळ फिरकू दिलं नसतं." पुढं प्रश्न होता, हे आणखी कुणाला ठाऊक होतं? उत्तर होतं, "कुणालाच नाही." माझ्या शेजारी लुत्स्याननं मान खाली घातली. मीही घातली. झेनोननं मागं वळून पाहिलं नाही. एकेकाळी खऱ्याखालीच सही करणाऱ्या माणसानं त्या जबाबात एकच खोटं सांगितलं, ते आमच्यासाठी, आणि आम्ही ते मुकाट घेतलं.

राडेकला तुरुंग झाला. झेनोनला वय बघून घरी सोडलं. आता गल्लीत गाडी आली तर तो आत निघून जातो. फादरांचं टायर झिजलं काय, फुटलं काय, कुणी सांगत नाही. आणि गल्लीत आता लोक म्हणतात, "आम्हाला वाटलं नव्हतं हो, झेनोन असा निघेल." तेही म्हणतात, ज्यांनी माझा केक खाल्ला होता.

परवा मी तीन वीसच्या बसची वाट बघत थांब्यावर उभी होते. बाकावर आर्तुरची आई होती, पुढच्या गावची, आमच्या दवाखान्यातून औषधं घेऊन परत निघालेली. कोर्टात तिनं मला पाहिलं होतं. ती सरकली आणि मला बसायला जागा दिली.

"तुम्हालाही किती धक्का बसला असेल ना, बाई," ती म्हणाली. "इतक्या वर्षांचा शेजार. तुम्हाला तरी कुठं ठाऊक असणार?"

बस वळणावर दिसत होती. अजून वेळ होता, एक वाक्य बोलण्याइतका पुष्कळ वेळ होता.

"नाही ना," मी म्हणाले, आणि तिच्या औषधांची पिशवी उचलून तिला बसमध्ये चढवलं.