खंडेनवमीला लागलेला स्कॅनर

भूतबीत मी मानत नाही. असले किस्से सांगणाऱ्यांची आजवर यथेच्छ टिंगल केलीय... आता माझी करा.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं आणि सुन्याचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज. सुन्या बालवाडीपासूनचा दोस्त. माझी थोरली बहीण, आक्का, त्यालाही भाऊबीजेला ओवाळायची.

आक्काची गाडी चालता चालता बंद पडत होती. स्कॅनर लावला, कोड आला P0335 — म्हणजे क्रँक सेन्सर. तो गेला की इंजिन कुठंही दगा देतं. मी तो काढला आणि नेहमीप्रमाणे त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. खराब पार्ट चुकून परत बसू नये म्हणून आमची ही पद्धत. नवा सेन्सर सुन्याच्या हातात देऊन मी दुसऱ्या गाडीखाली गेलो. त्यानं काम संपवलं, कोड पुसला. गाडी झकास चालू!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाने, मीटर, स्कॅनर, सगळं पाटावर मांडून पूजा केली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. आणि स्कॅनरचा पडदा उजळला. P0335.

आमच्या स्कॅनरला सेल नाही की बॅटरी नाही. गाडीच्या सॉकेटमधून करंट मिळाला तरच तो चालतो. वायर तर गुंडाळून बाजूला पडली होती! मी गारठलो. सुन्या मात्र घाबरला नाही... त्यानं गुपचूप झेंडूची फुलं पडद्यावर सारली.

मी तिथूनच आक्काला फोन लावला.

"राधानगरीच्या अलीकडं हाय रं. गाडी आत्ताच मधीच बंद पडली. मागनं ट्रक आला, थोडक्यात वाचलो बघ. पोरं रडाय लागल्यात."

तसाच गेलो, सेन्सर काढला. जुनाच! थिनरनं पुसलेला, पण खाचेत लाल रंग राहिलेला.

सुन्याला विचारलं तर म्हणाला, "एक गिऱ्हाईक लई घाई करत हुतं, नवा त्येला बसवला. आक्काची काय, घरचीच गाडी. घरचं कोण बोंबलतंय व्हय?"

घरची! म्हणून...?

स्कॅनर मी जाणकारांना उघडून दाखवला. आत काहीच सापडलं नाही. तो कसा लागला, मला आजही सांगता येत नाही. सुन्याशी मात्र बोलणं बंद आहे. आक्का म्हणते, "सोड की आता, भाऊच हाय."

नाही सुटत.