जगनचा उजवा बॉक्स

पुसेगावच्या रस्त्यावर ट्रक उजवीकडून पुढे काढतात. मोटारसायकलवरच्या जगनला त्यांचा आवाज ऐकू येईल का, हा विचार चार दिवस डोक्यातून जात नाही.

जगन माझ्या मुलाचा, चिन्मयचा शाळासोबती, पुसेगावजवळच्या तांड्यावरचा. चिन्मय शिकून पुण्याला गेला. जगन बारावीनंतर लग्नातल्या डीजेच्या वायरी ओढू लागला, आणि त्यातूनच होम थिएटर बसवायला शिकला. सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या रिसिव्हरसोबत आवाज मोजायचा छोटा माइक येतो. जगन तो लावतो, पण मग सोफ्यावर डोळे मिटून बसतो. शेवटचा निकाल त्याच्या कानाचा. हिंगोलीत त्याचं नाव आहे ते त्या कानामुळे.

चिन्मयनं पाठवलेला रिसिव्हर बसवायला तो रविवारी आला. पाचही बॉक्समधून, म्हणजे स्पीकरमधून, आळीपाळीनं 'शूं' असा आवाज सोडला.

"काकू, समोरचा उजवा लई बारीक येऊन राहिला."

मला तर दोन्ही सारखेच वाटत होते. त्यानं वायरी बदलल्या. डावा बॉक्स उजवीकडे नेला, उजवा डावीकडे आणला. "ज्याच्यात खोट, त्याच्यासंगं ती जागा बदलते," म्हणाला. पण खोट उजवीकडेच राहिली.

"काय रे, डीजेवाल्याला साधा बॉक्स सापडेना?" यांनी आतून टोमणा मारला.

जगन हसला. टीव्हीकडे पाठ करून उभा राहिला नि पुन्हा आवाज सोडला.

"आता डावा बारीक झाला," म्हणाला. वळला. पुन्हा ऐकलं. मग हळूच उजव्या कानावर हात ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शुक्रवारी वरात हुती. डीजेला चिकटूनच हुतो. तवापासून कानात शिट्टी वाजून राहिली."

"डॉक्टरला दाखव."

"कान गेला म्हणल्यावर मला कोण बोलावंल? कोणाला सांगू नका काकू. घरी निलमला बी न्हाई. तुमाला चिन्मयची शपथ."

हे बाहेर आले. "सापडली का खोट?"

"सापडली काका. रिसिव्हर बराबर हाये."

कानाच्या डॉक्टरांना मी नाव न घेता विचारलं. असं अचानक झालं असेल तर दिवस घालवू नका, म्हणाले. उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत येणं अवघड. जगनला दोनदा फोन केला. "जातो काकू, हातातली कामं उरकली की." त्या शुक्रवारपासून आज सहावा दिवस.

शपथेनं काही होत नसतं, हे मी बी.एस्सी. झालेली बाई जाणते. पण माझा चिन्मयही रोज मोटारसायकलवर ऑफिसला जातो. म्हणून चार दिवस तोंड शिवून बसले. माझ्या लेकराच्या नावाखाली दुसऱ्या आईच्या लेकराचा कान जाऊन राहिलाय, आणि मला ते माहीत आहे.

जगनच्या बायकोचा, निलमचा नंबर काढलाय. साडेअकरा वाजलेत. एवढ्या रात्री फोन वाजला तर ती घाबरेल.

घाबरू दे.