दहा वेळा लिहून

मला लिहिल्याशिवाय काही येत नाही. शाळेत, डी.एड.ला, कुठेही, ओळ दहा वेळा उतरवली की ती माझी. नंदुरबारला बदली झाली तेव्हा अहिराणीसुद्धा मी अशीच शिकले, खोलीत एकटी बसून, वह्या भरून. बोलायला कोणी नव्हतंच. दोन वर्षांत शेजारणींशी माझं बोलणं नळाच्या वेळेपलीकडे गेलं नाही, आणि ते एकटेपण मी शिस्त म्हणून मिरवलं.

वर्गातही तेच. तोंड बंद, हात चालू. पाचवीतली एक मुलगी मात्र लिहायला बसली की पेन्सिल चावत राही, वही कोरीच. तिच्या आईला शाळेत बोलावून मी स्पष्ट सांगितलं, हिला काही येत नाही. त्यानंतर मुलगी यायची थांबली.

आठवड्याने मी शहराबाहेर, तिची आई कामाला असते त्या मिरचीच्या पथारीवर गेले. लाल मिरच्या उन्हात पसरलेल्या, बायका देठ खुडत बसलेल्या, आणि मधे ती मुलगी. हात देठांवर, तोंड अखंड चालू. पाऊस कसा पडतो हा माझाच धडा ती बायकांना सांगत होती, समुद्रापासून ढगापर्यंत, माझ्याहून बरा. कोणी मधेच शंका काढली की हिचं उत्तर तयार. मला पाहिल्यावर ती गप्प झाली. ते मला फार लागलं.

आई हात झटकत उठली. "आम्ही परवा गुजरातमा कामले जाई ऱ्हायनूत. हिले शाळासाठे आजीकडे ठेवू, का संगे लई जाऊ? तुम्हीच सांगेल व्हतं ना मॅडम, हिले काही येस नही."

चूक माझी होती, हे तिथेच सांगता आलं असतं. साध्या मराठीतसुद्धा. पण सगळ्या बायका बघत होत्या, आणि न लिहिलेलं वाक्य माझ्या तोंडातून सहसा निघत नाही. "उद्या येऊन सांगते," एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी ते अहिराणीत लिहून काढलं, दहा वेळा. चूक मन्ही शे, पोर हुशार शे, तिले शाळामा ठेवा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच गेले. मुकादमाची गाडी एक दिवस आधीच आली होती. सकाळीच गेले सगळे, पोरीला घेऊन, असं देठ खुडणाऱ्या एका म्हातारीने सांगितलं. तरी मी तिच्यासमोर उभी राहून पाठ केलेलं सगळं म्हटलं, एकही शब्द न चुकता.

तिने मान वर केली. "मले सांगीसन काय फायदा, मॅडम?"