उपरण्याखालचा भाव

गुरुवर्य त्र्यंबकरावांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात इतर शिष्य त्यांच्या विद्वत्तेविषयी लिहितीलच. मी पडलो सुपारीचा व्यापारी. त्यांनी मला जे धक्के दिले, त्यांतून मी अजून सावरलेलो नाही, तेव्हा मी त्यांविषयीच लिहितो.

पहिला धक्का श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच बसला. गावच्या व्यापाऱ्यांनी आम्हा मुलांसाठी एक व्यापारी वर्ग काढला होता. माझे वडील, अण्णा, त्याचे मुख्य चालक. जमाखर्च शिकवायला मुंबईहून मास्तर येणार म्हणून आम्ही बापलेक त्यांना उतरवून घ्यायला गेलो. आगबोटीतून होडीत आणि होडीतून गुडघाभर पाण्यात उतरलेले हे गृहस्थ धोतर पिळता पिळता म्हणाले, "जमाखर्चाबरोबर मी समाजशास्त्रही शिकवणार आहे."

"ते काय असतं?" अण्णांनी विचारलं.

"माणसं एकमेकांशी कशी वागतात आणि तशीच का वागतात, त्याचा अभ्यास."

"म्हणजे लोकांच्या घरातल्या उठाठेवी! व्यापाऱ्याच्या पोरांना त्या कशाला हव्यात?"

"व्यापाऱ्याच्याच पोरांना जास्त हव्यात," गुरुवर्य म्हणाले आणि आपली पेटी स्वतः उचलून चालू लागले.

वर्गाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "बाजारात कोण येत नाही, ते पाहून या." अहो, जो येत नाही तो दिसणार कसा? आम्ही हसत गेलो आणि हसत परत आलो. गुरुवर्य रागावले नाहीत. आम्हा कालच्या पोरांनाही ते अहो-जाहो करीत, आणि त्या आदरानंच आम्ही निम्मे गार होत असू. ते म्हणाले, "चला, मीही येतो."

आमच्याकडे तेव्हा सुपारीचा सौदा तोंडानं होत नसे. विकणारा आणि दलाल उपरण्याखाली हातात हात घेत आणि बोटं दाबून भाव ठरवीत. शेजारी उभ्या असलेल्यालाही काही कळत नसे. गुरुवर्यांनी तो प्रकार बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "या उपरण्याखाली कुणाचा हात कधीच जात नाही?"

"बायकांचा," मी म्हणालो. "परक्या पुरुषाच्या हातात हात कसा देतील? त्यांचा माल घरचे पुरुष विकतात."

"मग भाव काय मिळाला, हे त्यांना कोण सांगतं?"

"घरचे पुरुष."

मला एकदम आमचंच घर आठवलं. माझे थोरले काका वारले तेव्हापासून काकूंची सुपारी अण्णाच विकत. आमची आणि काकूंची सुपारी एकाच ढिगात, एकाच भावानं जाई. सुपारीची वाडी परवडत नाही म्हणून काकू ती अण्णांच्या नावे करून द्यायला निघाल्या होत्या. कागद होणार होता पुढच्याच आठवड्यात!

घरी येऊन मी काकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, गेल्या हंगामात भाव काय मिळाला हो?" त्यांनी सांगितला. आम्हाला मिळालेल्या भावाच्या तो निम्मासुद्धा नव्हता. ज्या अण्णांच्या शब्दावर सगळा बाजार चाले, ते अण्णा! काकू विचारीत होत्या, "का रे, काय झालं?"

तसाच उठून गुरुवर्यांकडे गेलो. त्यांनी आधी मला भाकरी खायला लावली, मग सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "वडिलांना वाईट बोलू नका. जिथं भाव झाकलेला असतो, तिथं भल्या माणसाचाही पाय घसरतो. काकूंना एवढंच विचारा, स्वतः बाजारात याल का?"

मी काकूंना विचारलं, हे अण्णांच्या कानी जायला कितीसा वेळ लागणार! ते तडक गुरुवर्यांच्या बिऱ्हाडी गेले. "तुमचा पगार आम्ही देतो. पुढच्या आगबोटीनं चालू लागा."

"जातो," गुरुवर्य म्हणाले. "पण बाजार होऊन जाऊ द्या."

बाजाराच्या दिवशी काकू आल्या. काका गेल्यापासून देवळाखेरीज त्यांना कुणी कुठं पाहिलं नव्हतं. डोईवरून पदर घेऊन त्या आपल्या पोत्यांशेजारी बसल्या. दलालानं सवयीनं उपरणं पुढं केलं आणि विस्तवाला लागल्यासारखा हात मागं घेतला.

"भाव तोंडानं बोला," काकू म्हणाल्या. "मला ऐकू येतं."

दलालानं अण्णांकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि शेवटी भाव बोलला. काकूंनी तो पुन्हा बोलायला लावला. मग त्या अण्णांकडे वळल्या. "भाऊजी, वाडी माझ्याकडेच राहू द्या." एवढंच. एक शब्द जास्त नाही. अण्णा जमिनीकडे पाहत उभे राहिले.

गुरुवर्य ठरल्याप्रमाणे गेले आणि वर्ग बंद पडला. पुढे मुंबईत त्यांनी वाणिज्याच्या कितीतरी विद्यार्थ्यांना हेच शास्त्र शिकवलं. नफा किती झाला हे जमाखर्चावरून कळतं, पण तो कुणाच्या घरातून आला हे कळायला माणसांकडे पाहावं लागतं, असं ते सांगत. आज माझ्या पेढीवर भाव मोठ्यानं बोलतात. वाडीवाल्या बायका स्वतः येतात आणि चांगल्या घासाघीस करतात.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी भीत भीत अण्णांना वाचून दाखवला. काकूही दारात बसून ऐकत होत्या. अण्णा आता थकले आहेत. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "तुमचा भाग काढून टाकू का?"

"एक ओळ काढू नकोस," अण्णा म्हणाले. मी थक्क होऊन पाहतच राहिलो. "आणि शेवटी लिही, परमेश्वर त्यांना उदंड आयुष्य देवो, प्रकृती ठणठणीत ठेवो. तुझ्या नावानं नको. माझ्या नावानं लिही."

काकू दारातून म्हणाल्या, "भाऊजी, मोठ्यानं बोला."

अण्णा पुन्हा बोलले, मोठ्यानं.